शरीराचा पहारा आणि आपला

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द करोनाच्या साथीपासून आपल्या घरात कायमचा राहायला आला आहे. औषधांच्या दुकानातील बरण्यांवर तो असतो, चहाच्या पुड्यांवर असतो, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गप्पांत असतो. ही शक्ती ‘वाढवायची’ असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ती नेमके काय करते, असे विचारले तर मात्र आपल्यापैकी बहुतेक जण गप्प होतात. वाचकहो, तिचे काम समजून घ्यायचे असेल तर एका आजाराकडे नीट पाहावे, असे मला वाटते. तो आजार म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला घरोघरी ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. शरीराचा पहारा किती चोख असतो, तो कोठे चुकू शकतो आणि तो चुकला तर आपण माणसांनी कोणती वेळ साधायची, हे तिन्ही या एका आजारात स्पष्ट दिसते.

हा विषय ज्येष्ठांच्या अंकात कशाला, असे काहींना वाटेल. पाळी थांबून पंधरा-वीस वर्षे झाली, आता त्या अवयवाचा काय संबंध, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. म्हणूनच हा लेख आजींसाठी आहे, आजोबांसाठी आहे आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या मुली, सुना व मुलांसाठीही आहे. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना या कर्करोगाचे निदान होते आणि जवळपास ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावतात. ज्या आजाराची चाहूल कित्येक वर्षे आधी लागू शकते, त्याच्याबाबत हे आकडे मनाला फार लागतात.

प्रथम कारणाविषयी. जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही असतो. जर्मनीतील शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या विषाणूचा सोळावा प्रकार १९८३ मध्ये आणि अठरावा प्रकार १९८४ मध्ये कर्करोगाच्या पेशींत दाखवून दिला. या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील बारा-चौदा धोक्याचे मानले जातात, आणि सोळा व अठरा हे दोनच प्रकार मिळून सुमारे सत्तर टक्के रुग्णांत कारणीभूत असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेच्या जवळिकीतून पसरतो. हे वाक्य वाचताना अनेकांच्या भुवया उंचावतील, म्हणून पुढचे वाक्यही लगेच वाचावे. तो इतका सर्रास आढळतो की वैवाहिक आयुष्य जगलेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या स्त्रीलाही तो होतो. त्यामुळे त्याचा कुणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे म्हणजे पडसे झालेल्या माणसाच्या नीतीची चौकशी करण्यासारखे आहे.

मग प्रश्न असा पडतो की, विषाणू इतक्या जणींना गाठतो, तर कर्करोग इतक्या थोड्या जणींनाच का होतो? याचे उत्तर म्हणजेच रोगप्रतिकारशक्ती. लागण झालेल्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींच्या शरीरात हा विषाणू दोन वर्षांच्या आत चाचणीत सापडेनासा होतो. औषध नाही, पथ्य नाही, बहुतेकींना तो आल्याचे कळतही नाही. शरीराचे पहारेकरी आपले काम करून मोकळे होतात.

मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. वर्गात रोगप्रतिकारशक्ती समजावताना मी नेहमी गोवर किंवा फ्लूचे उदाहरण घेत असे, कारण तिथे लढाई उघड असते. ताप येतो, अंग दुखते, पेशी मरतात आणि शरीराला शत्रूची वर्दी मिळते. एचपीव्हीची रीत निराळी आहे. गर्भाशयमुखाच्या नाजूक अस्तरावरील सूक्ष्म ओरखड्यातून तो सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो. तो त्या पेशींना मारत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. अस्तरातील पेशी जशा खालून वर सरकत जाऊन शेवटी गळून पडतात, तसतसा तोही त्यांच्याबरोबर वर येतो आणि त्या गळणाऱ्या पेशींतून बाहेर पडतो. धोक्याची घंटा वाजवणाऱ्या इंटरफेरॉन नावाच्या रसायनांचा आवाजही तो दाबून टाकतो. चोरपावलांनी येणे म्हणजे काय, ते या विषाणूकडून शिकावे.

असे असूनही बहुतेक वेळा शरीरच जिंकते, हे विशेष. अस्तरात गस्त घालणाऱ्या काही पेशी विषाणूचे तुकडे उचलून जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात आणि तेथील टी पेशींना ओळख पटवतात. टी पेशींत दोन मुख्य गट असतात. मदतनीस टी पेशी हाकाटी करून इतरांना कामाला लावतात, तर मारक टी पेशी विषाणूग्रस्त पेशी हेरून नष्ट करतात. ही ओळख पटायला महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्षही लागते. पण एकदा पटली की विषाणूचा बंदोबस्त होतो. कधी तो पूर्णपणे जातो, तर कधी अगदी अल्प प्रमाणात निपचित पडून राहतो. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण उतारवयाचा विचार करताना तो पुन्हा येणार आहे.

जेथे ही ओळख पटत नाही, तेथे विषाणू ठाण मांडतो. वर्षानुवर्षे टिकलेली अशी लागणच कर्करोगाकडे नेते. आपल्या प्रत्येक पेशीत बिघडलेल्या पेशीला थांबवणारी काही प्रथिने असतात. त्यांतील पी-५३ आणि आरबी ही दोन फार महत्त्वाची आहेत. विषाणूची ई-६ आणि ई-७ नावाची प्रथिने नेमक्या याच दोघांना निकामी करतात. मग पेशी अनिर्बंध वाढू लागतात आणि त्यांत चुका साठत जातात. तरीही निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत लागणीपासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस वर्षांचा असतो. पहारा हरला तरी तो शत्रूला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही.

प्रतिकारशक्तीचे हे महत्त्व नुसत्या तर्कावर उभे नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा स्त्रियांत काय घडते, यावरून ते सिद्ध झाले आहे. एचआयव्हीचा विषाणू नेमक्या मदतनीस टी पेशी नष्ट करतो. अशा स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो, आणि उपचार न घेतल्यास पंधरा-वीस वर्षांचा तो प्रवास पाच-दहा वर्षांत उरकतो. अमेरिकेत १९९३ पासून या कर्करोगाची गणना एड्सच्या निदर्शक आजारांत होऊ लागली, ती याच कारणाने. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्या स्त्रियांतही हा धोका वाढतो. तंबाखूचा वाटाही येथेच आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील स्रावात निकोटिनचे अंश सापडतात आणि तेथील गस्त घालणाऱ्या पेशींची संख्या घटलेली दिसते.

आता थोडे माझ्या घरचे. माझी धाकटी मावशी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहत असे. चौसष्टाव्या वर्षी तिला या कर्करोगाचे निदान झाले. पाळी थांबून तेव्हा तिला पंधरा वर्षे झाली होती. अंगावरून लाल जाते आहे, हे तिने सात महिने कुणालाही कळू दिले नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठून ती कपडे धुऊन टाकी. सुनेच्या लक्षात आले ते अंथरुणावरील डागामुळे. “आगं, आता ह्या वयात कसलं दाखवायचं? लोक काय म्हणतील?” हे तिचे पहिले उत्तर होते. दुसऱ्या दिवशी सुनेने तिला दवाखान्यात नेलेच. तोवर आजार गर्भाशयमुखाच्या बाहेर पसरला होता.

उपचारांच्या काळात ती काही महिने माझ्याकडे होती. भेटायला येणारी मंडळी निरनिराळी चूर्णे व काढे घेऊन येत आणि जाताना एक वाक्य हमखास टाकून जात, “प्रतिकारशक्ती कमी पडली हो त्यांची.” एका संध्याकाळी तिने मला विचारले, “तू शाळेत शिकवत होतीस ना हे सगळं? मग सांग, माझंच अंग असं उलटं का फिरलं? मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?”

मी तिला जे सांगितले, ते तुम्हालाही सांगते, कारण हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. एखाद्या विशिष्ट स्त्रीच्या शरीरात विषाणू का टिकला, याचे एकच एक कारण दाखवता येत नाही. विषाणूचा प्रकार कोणता, टी पेशींना ओळख पटवून देणारी जन्मजात प्रथिने कशी, बाळंतपणे किती, तंबाखूचा संपर्क होता का, दुसरा एखादा आजार होता का, अशा अनेक गोष्टींचा तो मेळ असतो. आणि त्यात योगायोगाचाही भाग असतो. तिच्या अंगाने आळस केला नव्हता, दगाही दिला नव्हता. विषाणू आपल्याच पेशींच्या आड लपलेला असल्याने पहारेकऱ्यांना तो परका वाटलाच नाही. तिने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझं पाप नव्हतं तर.” किरणोपचार आणि केमोथेरपी पूर्ण करून ती त्यानंतर तीन वर्षे जगली. त्यांपैकी दोन वर्षे ती बऱ्यापैकी हिंडती-फिरती होती. मात्र ते सात महिने हाताशी असते, तर तिच्या आयुष्याचा हिशेब वेगळा झाला असता, असे तिच्या डॉक्टरांचे मत होते.

उतारवयात नेमके काय बदलते, ते आता पाहू. केस पांढरे होतात तशी प्रतिकारशक्तीही वृद्ध होते. नव्या शत्रूला ओळखणाऱ्या टी पेशींची भरती मंदावते आणि जुन्यांचा जोम ओसरतो. त्यामुळे तारुण्यात आलेला आणि अनेक दशके निपचित राहिलेला विषाणू साठी-पासष्टीत पुन्हा चाचणीत दिसू शकतो. येथे मी आजी-आजोबांना मुद्दाम सांगू इच्छिते की, या वयात एचपीव्हीचा अहवाल सकारात्मक आला, तर त्यावरून जोडीदाराच्या आजच्या वागणुकीबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. तो पाहुणा चाळीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात एका कागदामुळे संशयाचे विष कालवू नये.

दुसरा बदल शरीररचनेचा आहे. कर्करोग बहुधा ज्या भागात उद्भवतो, तो गर्भाशयमुखाचा पट्टा पाळी थांबल्यावर आत सरकतो. त्यामुळे सौम्य आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनी पाहण्याची जी सोपी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते, ती या वयात पुरेशी विश्वासार्ह ठरत नाही. काडीवर नमुना घेऊन केलेली एचपीव्ही चाचणी येथे अधिक उपयोगी पडते. जेथे सोय आहे तेथे हा नमुना स्त्रीला पडद्याआड स्वतःच घेता येतो. तपासणीच्या टेबलावर जायचे म्हटले की अंगावर काटा येणाऱ्या अनेक ज्येष्ठ स्त्रियांना या सोयीचा मोठा दिलासा वाटतो. गाठ किंवा अन्य त्रास जाणवत असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासणे अटळ आहे.

चाचणीचे मोल किती, याचा जगाने मान्य केलेला पुरावा आपल्याच मातीतला आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मृती केंद्र यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. त्याची सुरुवात १९९९ मध्ये झाली. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश करण्यात आला. काही गावांत एचपीव्ही चाचणी झाली, काहींत पॅप तपासणी, काहींत आम्ल लावून पाहणी, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत नेहमीची आरोग्यसेवा चालू राहिली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढील आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. तुलनेच्या गटात ६४ स्त्रिया दगावल्या, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे नैतिक वादही झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्या गावांतील स्त्रियांनी जगाला जे शिकवले, ते मोलाचे आहे.

ही चाचणी इतकी परिणामकारक का ठरते? कारण ती शरीराच्या पहाऱ्याचाच निकाल वाचते. विषाणू सापडला नाही, तर पहारा जिंकला आहे आणि पुढील काही वर्षे निश्चिंत राहता येते. विषाणू सापडला, तर तो टिकला आहे का आणि पेशी बिघडल्या आहेत का, हे पाहायचे. बिघडलेला भाग कर्करोग होण्याआधीच गोठवून, उष्णता देऊन किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो. सकारात्मक अहवाल म्हणजे कर्करोग नव्हे. लक्ष ठेवायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी तपासणीची तरतूद आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींनीसुद्धा अशी तपासणी आयुष्यात कधी करून घेतलेली नव्हती. शरीर आपल्याला पंधरा-वीस वर्षांची मुदत देते. आपण ती न वापरताच सरू देतो.

लसीविषयी प्रत्येक आजी-आजोबांनी जाणून घ्यावे, कारण ती नातींसाठी आहे. नैसर्गिक लागणीत विषाणू रक्तात उतरत नसल्याने शरीर त्याच्याविरुद्ध फार थोडी प्रतिपिंडे बनवते, आणि ती पुढच्या लागणीपासून खात्रीचे संरक्षण देत नाहीत. ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि चिनी वंशाचे जियान झोऊ या दोघांनी १९९१ च्या सुमारास विषाणूच्या बाह्य कवचाचे प्रथिन प्रयोगशाळेत जुळवून हुबेहूब विषाणूसारखे दिसणारे, पण आतून रिकामे कण तयार केले. हे कण दंडात टोचले की शरीर नैसर्गिक लागणीपेक्षा कितीतरी अधिक प्रतिपिंडे बनवते. पहिली लस २००६ मध्ये मान्य झाली. झोऊ मात्र ते पाहायला उरले नव्हते. १९९९ मध्येच त्यांचे निधन झाले. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लसही उपलब्ध आहे.

लसीच्या एका मात्रेची कथाही भारताशी जोडलेली आहे. दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये देशातील अनेक केंद्रांवर सुरू झाला होता. त्याच सुमारास वेगळ्या एका प्रकल्पावरून वाद उठला आणि २०१० मध्ये शासनाने अशा सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनंतर दिसून आले की, एका मात्रेनेही सोळा व अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून जवळपास तेवढेच संरक्षण दिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे इतर पुराव्यांबरोबर या मुलींचाही वाटा आहे. ही लस आधीच शिरलेल्या विषाणूला हुसकावत नाही. म्हणून ती कोवळ्या वयात द्यायची असते आणि आजींना तिचा उपयोग नसतो. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करून घ्यायचीच आहे.

कर्करोग झालेल्यांसाठीही प्रतिकारशक्ती आता उपचाराचा भाग झाली आहे. टी पेशींवर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो. आपल्याच निरोगी पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने तो दिला आहे. कर्करोगाच्या पेशी हाच लगाम खेचून टी पेशींना जागच्या जागी थांबवतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे तो लगाम सैल करतात. काही रुग्णांत केमोथेरपी किंवा किरणोपचारांच्या जोडीने त्यांनी आयुर्मान वाढवल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. ती महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत. शिवाय लगाम सैल झाला की टी पेशी थायरॉइड, आतडी किंवा फुप्फुसे यांवरही चालून जाऊ शकतात. घरातील रुग्ण हे औषध घेत असेल आणि नवे जुलाब, धाप किंवा अतीव थकवा दिसला, तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांना कळवावे.

यावरून त्या बरण्यांबद्दलही एक गोष्ट उमगते. प्रतिकारशक्ती ही टाकीतील पाण्यासारखी नाही की वरून ओतली आणि पातळी वाढली. ती ओळख, समतोल आणि वेळ यांवर चालते. कोणतेही चूर्ण टी पेशींना लपलेला विषाणू ओळखायला शिकवत नाही. उपचार चालू असताना डॉक्टरांना न विचारता काढे देणे तर धोक्याचे ठरू शकते, कारण या आजारात वापरले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषध मूत्रपिंडांवर आधीच भार टाकत असते. पहाऱ्याला मदत करायची असेल, तर तंबाखू सर्व रूपांत सोडावी, बिडी असो वा मिश्री. मधुमेह आटोक्यात ठेवावा, झोप आणि प्रथिनयुक्त साधे जेवण सांभाळावे. एचआयव्हीचे उपचार चालू असतील, तर एकही दिवस चुकवू नये. आणि सांधेदुखीसाठी किंवा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर हा लेख वाचून ती स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नयेत. आपल्याला तपासणी किती अंतराने हवी, एवढे डॉक्टरांना विचारावे. केमोथेरपीच्या काळात ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

काळजीवाहकांनी काही खुणा मनात ठेवाव्यात. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर अंगावरून गेलेला लाल रंगाचा एकच थेंबही तपासणी मागतो. दुर्गंधीयुक्त स्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, ओटीपोटात किंवा कमरेत सतत राहणारी वेदना, एका पायाला येणारी सूज, कारण नसताना घटणारे वजन, याही दखल घ्याव्यात अशा खुणा आहेत. बहुतेक वेळा कारण साधे निघते. योनिमार्गाचे अस्तर पातळ झालेले असते किंवा एखादा निरुपद्रवी पॉलिप असतो. पण ते साधे आहे, हे तपासल्याखेरीज कुणालाच सांगता येत नाही.

हे विचारायचे कसे, ही खरी अडचण असते. चारचौघांत विचारू नये. दुपारी दोघीच असताना, हाताने काही काम चालू असताना, सरळ शब्दांत विचारावे, “आई, पाळी गेल्यावर कधी अंगावरून लाल गेलंय का? तपासणी कधी झालीय का?” उत्तर ‘नाही’ आले तरी प्रश्न वाया जात नाही, विचारायला हरकत नाही, हे त्या घरात ठरून जाते. आजोबांनी एवढेच करावे की, दवाखान्यात जायचे निघाल्यावर “या वयात कशाला?” असे न म्हणता रिक्षा बोलवावी.

आणि आजी, हा शेवटचा परिच्छेद तुमच्यासाठी. तुमच्या शरीराने आजवर किती लढाया तुम्हाला न सांगता जिंकल्या असतील, याची मोजदाद नाही. हा विषाणूही बहुधा त्याने कधीच परतवून लावला असेल. पण लाल डाग दिसला, तर तो धुऊन टाकण्याआधी घरात कुणाला तरी सांगा. पुढचा अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एक फेरी सहज होऊ शकेल. जाताना शेजारच्या काकूंनाही बरोबर घ्या.